हजेरीवर त्याचं नाव, रुळाखाली माझा पाय

आधी त्याचं सांगतो, मग माझं. माझ्या पायाची भरपाई मला मिळाली ती माझ्या जोडीदारामुळे. केस वकीलबाईंनी चालवली, खोलीच्या मालकीणबाईंनी मला हाताला धरून त्यांच्याकडे ठाण्याला नेलं, त्यांचे उपकार आहेतच. पण जोडीदार कोर्टात जे बोलला ते बोलला नसता, तर मी आज अर्धा पाय घेऊन हिंगोलीकडच्या आमच्या गावात बसलो असतो. पाय कुठे गेला विचारलं, तर दाखवायला कागदसुद्धा नसता. तो माझ्या नात्यातला नाही. गाव एक, एवढंच. रुळावर एका पहारीला दोन माणसं लागतात. त्यातला एक मी, दुसरा तो, म्हणून जोडीदार.

आठवीत माझी शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी कल्याणला आलो. आमच्याकडून माणसं अशीच येतात, मुकादमाच्या मागे. मुकादम शेजारच्या गावचा. रेल्वेचं रुळाचं काम एका कंत्राटदाराकडे होतं आणि त्या कंत्राटदाराला माणसं हा पुरवायचा. खडी भरायची, रुळाखालचे स्लीपर बदलायचे, जुना रूळ काढून नवा टाकायचा. आम्ही चौघं मोहन्याला एका चाळीत राहायचो. जोडीदाराची बायको मुकादमाची सख्खी बहीण. म्हणून मुकादम त्याला दाजी म्हणायचा आणि दाजी म्हणत म्हणत इतरांपेक्षा जास्त राबवायचाही.

रुळावर जायला पास लागतो, त्यावर फोटो आणि नाव. माझा पास झालेला नव्हता. मुकादम म्हणायचा, "होईल, कागद वर गेलेत." दीड वर्ष कागद वरच होते. पासवाले रुळावर आणि माझ्यासारखे दोघं-तिघं बाहेर, सामान चढवायला-उतरवायला. पण पासवाला गावी गेला की त्याची जागा मोकळी ठेवायची नाही, अशी आमच्यात रीत होती. खाडा वाढला की कंत्राटदार दुसऱ्याच्या गँगचा माणूस घुसवतो आणि ती जागा पुन्हा मिळत नाही. म्हणून बिनपासच्याने पासवाल्याच्या नावावर उभं राहायचं. पास गळ्यात त्याचा, बूट त्याचे, हेल्मेट त्याचं. सकाळी मुकादम हजेरी घेताना त्याचं नाव घेणार आणि आपण "हजर" म्हणायचं. यात कुणाला काही खोटं वाटायचं नाही. उलट गावच्या माणसाची जागा राखली, असंच वाटायचं. पासवरचा फोटो बोटाएवढा आणि हेल्मेट घातलं की सगळे सारखेच.

त्या वेळी जोडीदार रेशनसाठी गावी गेला होता. घरातल्या सगळ्यांनी मशीनवर अंगठा द्यायचा होता, नाहीतर कार्डावरून नावं कमी होणार असं दुकानदाराने सांगितलेलं. तो तीन दिवसांसाठी म्हणून गेला. तिकडे मशीन चालेना. रोज फोन यायचा, "आज पण सर्व्हर डाऊन हाय रे. उभा राहा अजून दोन दिवस." असे अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी त्याच्या नावाला हजर म्हणत होतो. मी मागे वळायचो तेही त्याच्या नावाला.

बाराव्या दिवशी दुपारी, कल्याणच्या यार्डात, आम्ही आठजण मोठ्या लोखंडी चिमट्यांनी रुळाचा तुकडा उचलून नेत होतो. समोरच्या बाजूच्या एकाचा पाय खडीवरून सरकला. त्याने चिमटा सोडला, त्याच्या मागच्याने सोडला. रूळ माझ्या बाजूला कलला आणि डाव्या पायावर आला. आवाज झाला तो मी ऐकला. दुखायला नंतर लागलं. बूट तसाच दिसत होता, फक्त पुढून चपटा.

मला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव काय?"

मी त्याचं नाव सांगितलं.

मला कुणीही तसं शिकवलं नव्हतं. मुकादम तर तेव्हा गाडी लावत होता. बाईंनी वय विचारलं, मी त्याचं वय सांगितलं. गाव विचारलं, ते एकच होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली तेव्हा मी त्याचं नाव लिहिलं, शाळेत गिरवल्यासारखं, एकेक अक्षर. मला वाटत होतं की पास त्याचा, तर खरं नाव सांगितलं की त्याची जागा जाईल, मुकादम अडकेल, आणि हे लोक मला दाखलही करून घेणार नाहीत. मुकादम आत आला, केसपेपर वाचला आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "शाना हायस." पाय फुटलेला असताना मला त्या शब्दाने बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढची सगळी बोटं आणि पंजाचा थोडा भाग काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी जोडीदार गावाहून आला. मुकादमाने फोन करून बोलावून घेतलं होतं, हजेरीत खाडा नको म्हणून. तो आधी कामावर जाऊन आला आणि मग मला बघायला. खाटेला अडकवलेल्या कागदावर त्याने स्वतःचं नाव वाचलं.

"काय रे," म्हणाला, "मी तर लई बेकार जखमी झालोय की."

मी हसलो. तो हसता हसता पायाकडे बघायला गेला, आणि मग त्याने खिडकीकडे तोंड केलं.

दवाखान्यातून सोडल्यावर मुकादम खोलीवर आला. बसलाही नाही. "गावाला जा. इथं राहून काय करणार? कंत्राटदार पाठवील काहीतरी."

"काय पाठवील?"

"पाठवील रे. आन हे बघ, केस-बिसच्या नादाला लागू नको. सरकारी दवाखान्यात खोटं नाव सांगितलंयस तू. खोटी सही केलीयस. आधी तुलाच आत टाकतील."

ते माझ्या मनात इतकं बसलं की चाळीसमोरून पोलिसांची गाडी गेली तरी मी दार लोटून घ्यायचो. गावी जायचीही छाती होत नव्हती. आईला फोनवर सांगितलं होतं की पायाला लागलंय थोडं. किती ते सांगितलं नव्हतं. असे चार महिने गेले. कंत्राटदाराकडून काही आलं नाही. मुकादमाने फोन उचलणं बंद केलं.

आमच्या खोलीची मालकीण म्हाताऱ्या आगरी बाई. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. मी दिवसभर खोलीत का असतो हे त्यांनी दोन-तीनदा विचारलं आणि एकदा दारातच पाट टाकून बसल्या. सांगितल्याशिवाय उठणार नव्हत्या. मी सगळं सांगितलं.

"आरं, पाय तुजा तुटला नं कागद त्याचा?" त्यांनी कपाळावर हात मारला. "तुजे आयनं तुला नाव कशाला ठेवलं मंग?"

"आक्का, मला आत टाकतील."

"टाकतील तं भाकरी देतील ना. इथं कोन देतंय तुला?" असं म्हणून त्या उठल्या. त्यांच्या भाच्याची जमिनीची केस बघणाऱ्या एक वकीलबाई ठाण्याला होत्या. दुसऱ्या दिवशी आक्का नवं लुगडं नेसून माझ्या आधी रिक्षात बसलेल्या.

वकीलबाईंनी केसपेपर बघितला, माझं आधार कार्ड बघितलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मग मला समजेल असं सांगितलं. कामावर असताना कामामुळे दुखापत झाली की भरपाई हा कामगाराचा हक्क आहे. पास नव्हता, हजेरीवर नाव नव्हतं, याने हक्क बुडत नाही. पण काम तूच करत होतास हे दाखवावं लागेल. कंत्राटदाराला तर द्यावे लागतीलच, पण ज्याच्या रुळावर काम चाललं होतं ती रेल्वेही बाजूला राहू शकत नाही. तिने दिले तर ती कंत्राटदाराकडून वसूल करील, तो त्यांचा प्रश्न. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, म्हणजे वेळ आहे.

"आणि खोटं नाव?" मी विचारलं.

"ते आपणच आधी सांगायचं. पहिल्या पानावर. लपवलंस तर मेलास."

अर्ज गेला. डॉक्टरांकडून पुन्हा पाय तपासून घेतला, या वेळी माझ्या नावाने. मग कंत्राटदाराचं उत्तर आलं. वकीलबाईंनी मला ते वाचून दाखवलं. अर्जदार आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. त्या दिवशी आमचा एकही कामगार जखमी झाला नाही. केसपेपरवर ज्याचं नाव आहे तो आमचा कामगार आहे, पण तो धडधाकट आहे आणि तिसऱ्या दिवशीही हजेरीवर आहे. दवाखान्यातला माणूस त्याच नावाचा दुसरा कुणी असेल. अर्जदाराचा पाय कुठे आणि कशाने गेला हे आम्हाला माहीत नाही. रेल्वेच्या उत्तरातही एवढंच होतं की त्यांच्या कागदांत माझं नाव नाही. ते खरंच होतं. कुणाच्याच कागदात ते नव्हतं.

"तुझ्याबरोबरचे सहा-सातजण होते ना? त्यातला एक आण," वकीलबाई म्हणाल्या.

मी सगळ्यांना विचारलं. खोलीतल्या दोघांनी तर माझी जखम धुतली होती. एक म्हणाला, "भाऊ, मी आलो तर उद्या मह्या जागेवर कोण उभं राहणार?" दुसऱ्याचंही तेच. आठवड्यात दोघंही दुसऱ्या चाळीत गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर आलो असतो का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

राहिला जोडीदार. तो तर आधीच मुकादमाकडे राहायला गेला होता. मी फोन केला. म्हणालो, "त्या दिवशी तू गावात होतास एवढंच सांग."

पलीकडे लहान मूल रडत होतं. तो म्हणाला, "बघतो." त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

पुढच्या तारखेला माझी साक्ष झाली. कंत्राटदाराचे वकील मोठ्याने बोलणारे नव्हते. अगदी मऊ विचारत होते.

"दवाखान्यात तुम्ही स्वतःचं नाव सांगितलंत का?"

"नाही."

"सही स्वतःची केलीत?"

"नाही."

"म्हणजे दवाखान्यात तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून समजायचं?"

मी पायाकडे बघितलं. ते म्हणाले, "पायाकडे नको, साहेबांकडे बघून सांगा." बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, ठीक झालं. पण त्या माझ्याकडे न बघता फाइल बांधत होत्या. मग त्यांनी सांगितलं की समोरच्यांनी साक्षीदाराचं नाव दिलंय. माझ्या जोडीदाराचं. त्याचं म्हणणं लिहून, त्याची सही घेऊन दाखल केलंय. त्यात होतं, त्या दिवशी मी स्वतः कामावर होतो, मला काही झालं नाही, अर्जदाराला मी गावचा म्हणून ओळखतो, तो आमच्या कामावर कधी आला नाही.

"सही त्याचीच आहे का बघ," त्यांनी कागद पुढे केला.

त्याचीच होती. दवाखान्यात मीच ती गिरवली होती, मला माहीत नसेल तर कुणाला?

पुढची तारीख पडेपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. आक्का भाकरी आणून ठेवायच्या आणि उचलून न्यायच्या. अर्ज फेटाळला गेला, तर मी खोटा ठरणार होतो. पाय गेला तो गेलाच, वर गावात सांगितलं जाणार की पोरगा कुठेतरी पडला आणि दुसऱ्याच्या नावावर पैसे काढायला गेला.

तारखेच्या दिवशी मी आणि आक्का लवकर जाऊन बाकावर बसलो. अकराच्या सुमाराला मुकादम जिना चढून आला. त्याच्या मागे जोडीदार, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मुकादमाचा हात त्याच्या पाठीवर होता. जोडीदार माझ्या अंगावरून गेला. खाली मान. आक्का ऐकू जाईल अशा बोलल्या, "पावना लग्नाला निंगालाय वाटतं." मुकादमाने वळून बघितलं. जोडीदाराने नाही.

आत त्याला पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली. कंत्राटदाराच्या वकिलांनी कागद दाखवला.

"यावर सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"आणि हे म्हणणं तुमचंच आहे ना?"

त्याने कठडा धरला. इतका वेळ लागला की न्यायाधीश साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"सही माझी आहे, साहेब," तो म्हणाला. "म्हणणं माझं न्हाई."

कंत्राटदाराचे वकील घाईने म्हणाले, "प्रश्न नीट ऐका."

"नीट ऐकलाय. मी त्या दिवशी गावात होतो. माझ्या नावावर हा उभा होता." त्याने माझ्याकडे बोट केलं. "बारा दिवस झाले होते. पाय याचा गेला. मला काय झालं न्हाई, हे बघा." असं म्हणून तो चप्पल काढायला वाकला.

"राहू द्या, राहू द्या," साहेब म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "मग या कागदावर सही का केलीत?"

"साहेब, मेव्हणा आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

वकीलबाई उठल्या. गावात होता याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्याने पिशवी उघडली. ओळख पटवायला आणलेल्या रेशनकार्डात धान्याची पावती होती. अकरा दिवस बंद पडलेलं मशीन माझा पाय गेला त्याच दिवशी सकाळी सुरू झालं होतं. त्याने अंगठा दिला होता, गहू-तांदूळ उचलला होता आणि मशीनने तारीख-वेळेसकट चिठ्ठी दिली होती. नाव कमी झालं तर भांडायला लागेल म्हणून त्याच्या बायकोने ती कार्डात जपून ठेवली होती. म्हणजे त्या दिवशी त्याचा अंगठा गावच्या मशीनवर होता, आणि कल्याणच्या हजेरीवर त्याच्या नावापुढे हजर. एका माणसाचं दोन्ही खरं कसं असेल, असं साहेबांनी कंत्राटदाराच्या वकिलांना विचारलं. त्यांनी पुढची तारीख मागितली.

त्या चिठ्ठीची शाई उडत आलेली होती. साहेबांनी ती उजेडाला धरून वाचली. नंतर त्यांनी दुकानाची नोंदही मागवून घेतली आणि ती जुळली.

निकाल लगेच लागला नाही. मध्ये कंत्राटदाराचा माणूस आक्कांच्या दारात येऊन गेला. थोडे घ्या, आपसात मिटवा, सही द्या. आक्कांनी त्याला पाणीही विचारलं नाही. वकीलबाईंनी सांगितलं होतं, बाहेर सही करून हक्क सोडला तरी कायद्यात तो सुटत नाही, पण तू करूच नकोस. मी केली नाही. शेवटी हुकूम झाला की त्या दिवशी कामावर मीच होतो आणि पाय कामावरच गेला. भरपाई कोर्टात जमा करायची, उशिराच्या व्याजासकट. कंत्राटदाराने चुकवलं तर रेल्वेने. पैसे कोर्टातून माझ्या खात्यावर आले. माझ्या नावाच्या. मी आता डोंबिवलीला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये बसून काम करतो. बुटात पुढे भरण घालतो. आईला सगळं सांगितलं.

जोडीदाराच्या साक्षीच्या दिवशीचं एक लिहायचं राहिलं. कोर्टाच्या जिन्याखाली मुकादम उभा होता. तो ओरडला नाही. जोडीदाराला एवढंच म्हणाला, "दाजी, आजपासून ती माझी बहीण न्हाई." आणि चालू पडला.

जोडीदाराचा पास दुसऱ्या दिवशी काढून घेतला. तो आता घोडबंदर रोडला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहे. मी जातो महिन्यातून एकदा. तो कधी विषय काढत नाही. मीच एकदा विचारलं, आधी सांगितलं का नाहीस, मी मेलो असतो त्या बाकावर. म्हणाला, "मलाच कुठं माहीत होतं रे? कठड्यापर्यंत मी तेच बोलणार होतो." मला ते ऐकून भीती वाटली. अजून वाटते.

त्याच्या बायकोला दोन दिवाळ्या झाल्या, भाऊबीजेला बोलावणं नाही. आई-वडील मुकादमाकडेच असतात, त्यामुळे तिला त्यांनाही भेटता येत नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. चहा देते, मुलीला माझ्या मांडीवर बसवते.

जोडीदाराला पैसे द्यायला गेलो तर त्याने घेतले नाहीत, आणि रुळावरची जागा मी परत देऊ शकत नाही. पण तिचं माहेर माझ्यामुळे तुटलंय. मुकादमाच्या दारात जाऊन सांगायचंय की राग माझ्यावर काढ, खोटं नाव मी सांगितलं होतं, केस मी केली, बहिणीने तुझं काय केलं? एकदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलेलो. दार उघडं होतं, तो आत जेवत होता. मी तसाच परत आलो. पुन्हा जाईन. त्याने हाकललं तर तिसऱ्यांदा जाईन. तिला तिच्या भावाच्या घरी ओवाळायला नेऊन बसवीन, त्याला कितीही वर्षं लागोत. जोडीदाराला हे मी सांगितलेलं नाही, तो नको म्हणेल. म्हणून इथे लिहून ठेवतो.